शिवणघरातील शाळा : सारा शेनिरेर

स्त्रीशिक्षणाच्या कामी ज्यांनी आयुष्य वेचले अशा आपल्याकडील थोर स्त्रियांची चरित्रे स्मरणिकेतून दरवर्षी येतात आणि ती यायलाच हवीत. या खेपेला मात्र दूर पोलंडमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या यहुदी बाईची हकीकत सांगावी असे मनात आले. सारा शेनिरेर हे त्यांचे नाव. यहुदी समाजात आज हे नाव घरोघर ठाऊक आहे. त्यांनी सुरू केलेल्या शाळांतून लक्षावधी मुली शिकल्या. आपल्या मंडळात शिवणवर्ग चालतो, म्हणूनही ही हकीकत पुष्कळजणींना जवळची वाटेल.

यहुदी लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल, हे यहुदीच. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. त्या काळात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, शिवणाची सुई हातात धरायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच मंडळींनी आपल्या धर्मपुस्तकातील कथांवर मुंबईत मराठी कीर्तनेसुद्धा केली. कथेतून धर्म सांगायचा ही हौस त्या समाजात पहिल्यापासूनची आहे. साराबाईंचे सारे आयुष्य या हौसेवरच उभे राहिले.

त्यांचा जन्म १८८३ च्या जुलै महिन्यात क्राकोव शहरी झाला. त्या वेळी हे शहर ऑस्ट्रियाच्या बादशाहीत होते. वडील बेझालेल शेनिरेर हे व्यापारी, धर्मनिष्ठ, आणि बेल्झ या गावच्या धर्मगुरूंचे अनुयायी. हसीद म्हणून यहुद्यांचा जो भाविक पंथ आहे त्यातले हे घराणे. सारा सरकारी पोलिश शाळेत जाई. अभ्यासात हुशार होतीच, पण धर्माच्या तासाला तिचे मन विशेष रमे. बरोबरीच्या मुली खेळात दंग असत आणि ही शांत, पापभीरू. त्यांनी तिचे नाव छोटी हसीदीण असे ठेवले होते. चिडवण्यासाठीच ठेवले असणार. तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा संपली. पुढे शिकायची फार इच्छा होती, पण घरची परिस्थिती बेताची. तिने शिवणकाम पत्करले. सातवीवर शाळा सुटलेल्या आपल्यापैकी कितीतरीजणींना यात काही नवल वाटणार नाही.

आता त्या समाजातील मुलींची स्थिती कशी होती हे सांगायला हवे, त्यावाचून पुढचे नीट समजायचे नाही. तेथील यहुदी घरात मुलगा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला धर्मपाठशाळेत घालीत. तो हिब्रू अक्षरे गिरवी आणि पुढे वर्षानुवर्षे धर्मग्रंथांचा अभ्यास करी. मुलींसाठी अशी पाठशाळा नव्हती. मुलीला धर्मग्रंथ शिकवू नयेत असे एक मत जुन्या ग्रंथांत होते आणि लोक त्यालाच धरून बसले होते. आईने स्वयंपाकघरात जे दाखवावे तेवढाच मुलीचा धर्म. इकडे सरकारचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता, त्यामुळे मुलींना पोलिश शाळेत जावेच लागे. म्हणजे गंमत अशी झाली, की मुलगे जुन्या विद्येत पंडित, तर मुली नव्या विद्येत हुशार. मुलींना पोलिश काव्य तोंडपाठ असे, नाटके ठाऊक असत, पण आजीची प्रार्थना मात्र कळत नसे. सणावाराला बाप आणि भाऊ आगगाडीत बसून गुरूंच्या गावी जात. आई प्रार्थनेचे पुस्तक घेऊन बसे. मुलगी मात्र त्यात कोठेच नसे.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. क्राकोवमध्ये कितीतरी यहुदी मुली घर सोडून पळून गेल्या आणि ख्रिस्ती मठाच्या आश्रयाला जाऊन धर्मांतर करून बसल्या. १९०३ साली क्राकोवलाच धर्मगुरूंची परिषद भरली. मुलींना धर्मशिक्षण देण्याची काही सोय करावी असा विषय एका धर्मगुरूंनी तेथे काढला, पण इतरांनी तो नामंजूर केला. घराला आग लागली आहे हे दिसत असून विहिरीवर बायकांनी जाऊ नये, म्हणून हे शहाणे अडून बसले होते. मला तरी हे असेच दिसते.

सारा त्या वेळी वीस वर्षांची होती. दिवसभर कपडे शिवायचे आणि रात्री वाचायचे असा तिचा क्रम होता. वडिलांनी तिला रोजच्या पाठासाठी एक ग्रंथ आणून दिला होता. त्यात धर्मपुस्तकातील वेचे दिवसवार लावलेले असतात. मूळ ग्रंथ हिब्रूत, पण हिच्याजवळची प्रत यिद्दिश भाषांतराची. यिद्दिश ही त्या लोकांची घरची बोली. दुसरे पुस्तक होते त्सेना उरेना. सतराव्या शतकाच्या आरंभापासून यहुदी बायका शब्बाथच्या दुपारी हे पुस्तक वाचीत आल्या आहेत. सिआनच्या मुलींनी बाहेर येऊन पाहावे, अशी हाकच त्या नावात आहे. आपल्याकडे संस्कृतातले पुराण प्राकृतात सांगतात तसेच ते आहे. आदाम-हव्वेपासूनच्या कथा त्यात येतात, आणि त्यांत दंतकथा, उपदेश व संसारातल्या गोष्टी अशा काही गुंफलेल्या असतात, की वाचणारीला सारा, रिबेका, राहेल या आपल्याच शेजारणी वाटू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ही पाने अश्रूंनी भिजवली. साराच्या वेळेपर्यंत मात्र शिकलेल्या मुलींना ते म्हातारीचे पुस्तक वाटू लागले होते. हिला ते तसे कधीच वाटले नाही.

याचा अर्थ ती घरकोंबडी होती असे कोणी समजू नये. तिला पोलिश पुस्तकांची गोडी होती. नाटके आणि व्याख्याने तिला आवडत. तिची रोजनिशीसुद्धा पोलिश भाषेत असे. बाहेरचे सगळे पाहून-ऐकून मग तिचे मन आपल्या कथांकडे वळे, म्हणूनच तिला मुलींचे दुखणे नेमके कळले. एका शुक्रवारी रात्री नात्यातल्या एका बहिणीबरोबर ती मुलींच्या एका मंडळाच्या सभेला गेली. शब्बाथ लागलेला असूनही तेथे एका मुलीने दिवे लावले, आणि तेही चांगल्या धर्मनिष्ठ घरातील मुलीने. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. साराच्या मनाला ते फार लागले. दोष मुलींचा नाही, त्यांना कोणी काही सांगितलेलेच नाही, हे तिला तेथे उमगले.

शिवणाच्या कामात गिऱ्हाइकांशी रोजचा संबंध येई. बाया येत, मापे देत, बाह्या किती फुगीर हव्यात, झालर कोठे हवी यावर घटका घटका बोलत. कपडा अंगाला कोठे चोळामोळा होतो ते आरशात निरखून पाहत. देहाच्या कपड्यासाठी एवढी काळजी घेणाऱ्या या बायका आत्म्याच्या कपड्याचे माप कधी घेतात का, असा विचार सुई चालवताना तिच्या मनात येई. पुढे आत्मवृत्तात तिने हे लिहून ठेवले आहे.

मधल्या काळात तिचे लग्न झाले. १९१० च्या सुमाराची ही गोष्ट. नवऱ्याला धर्माची तेवढी आस्था नव्हती. दोघांचे जमले नाही आणि थोड्या वर्षांतच काडीमोड झाला. पोर ना बाळ, तिशीची परित्यक्ता बाई, हातात सुई. त्या समाजातही अशा बाईला मान कितपत मिळत असेल ते आपण ओळखू शकतो.

१९१४ साली महायुद्ध पेटले. रशियन फौजा गॅलिशियात घुसल्या आणि हजारो यहुदी कुटुंबे पळाली. शेनिरेर कुटुंब व्हिएन्नाला गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात हनुक्का म्हणजे दिव्यांचा सण आला. त्या शब्बाथला सारा एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, गेली. रब्बी फ्लेश नावाचे धर्मगुरू तेथे प्रवचन करीत होते. जर्मन यहुद्यांत नवी विद्या आणि जुना धर्म एकत्र नांदवणारी एक परंपरा होती, तिच्यात ते वाढलेले. त्या दिवशी त्यांनी युदिथची कथा लावली होती.

ही कथा आपल्याही ऐकण्यासारखी आहे. बेथुलिया नावाचे डोंगरावरील गाव. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याने त्याला वेढा घातला आणि पाणी तोडले. गावातले वडीलधारे हताश झाले, पाच दिवसांत मदत आली नाही तर शरण जायचे असे त्यांनी ठरवले. तेव्हा युदिथ नावाची एक विधवा पुढे आली. देवाला मुदत घालून देणारे तुम्ही कोण, अशी तिने त्या वडीलधाऱ्यांची कानउघाडणी केली. वैधव्याची वस्त्रे उतरवून तिने उत्तम पोशाख केला आणि एक दासी बरोबर घेऊन ती शत्रूच्या छावणीत गेली. आपले शुद्ध अन्न तिने बरोबर नेले होते. शत्रूच्या गोटातही तिने धर्म सोडला नाही. यहुदी घरांत सांगतात त्या कथेत, तिने सेनापतीला चीज खाऊ घातले, त्याला तहान लागली, मग तो दारू पीत राहिला आणि झिंगून पडला. तेव्हा त्याच्याच तलवारीने तिने त्याचे शिर कापले आणि अन्नाच्या झोळीत घालून गावात आणले. म्हणूनच हनुक्काला दुधाचे पदार्थ खाण्याची चाल आहे.

बायकांच्या सज्जात बसून सारा हे ऐकत होती. अंगावर काटा येत होता. प्रवचनकाराने केवळ कथा सांगितली नाही, तर युदिथप्रमाणे आजच्या यहुदी स्त्रीनेही उठावे असे आवाहन केले. तिच्या मनात एकच विचार घोळू लागला, की हे क्राकोवच्या मुलींनी ऐकायला हवे होते. आपल्या पूर्वजस्त्रिया कोण होत्या हे त्यांना ठाऊक असते, तर दुसरीकडे पाहायची वेळ त्यांच्यावर आली नसती. व्हिएन्नात असेतो तिने त्या धर्मगुरूंची प्रवचने नेमाने ऐकली. शिवणकाम करणाऱ्या बाईने शिक्षिका व्हायचे ठरवले ते असे, एका कथेच्या जोरावर.

१९१५ साली ती क्राकोवला परतली आणि तिने मोठ्या मुलींना व बायकांना जमवून व्याख्याने सुरू केली. प्रथम बऱ्यापैकी मंडळी आली. कथा चालू असे तोवर मुली ऐकत. पण नेमधर्म, बंधने यांचा विषय निघाला की ओठांवर हसू उमटे. सारा सगळे पाहत होती. वाढलेल्या झाडाला वाकवता येत नाही हे तिने ओळखले आणि लहान मुलींपासून आरंभ करायचे ठरवले. निराश होऊन घरी न बसता तिने विद्यार्थिनींचे वयच बदलले. तिचे शहाणपण मला येथे सर्वांत अधिक दिसते.

पण धर्मगुरूंचा आशीर्वाद नसता तर त्या समाजात कोणी आपली मुलगी तिच्याकडे पाठवली नसती. भाऊ तिला मारियनबाद येथे बेल्झच्या गुरूंकडे घेऊन गेला. बहीण यहुदी मुलींना धर्ममार्गाने शिकवू इच्छिते, अशी चिठ्ठी त्याने गुरूंपुढे ठेवली. गुरूंनी तिला यशाचा आशीर्वाद दिला. शब्द मोजकेच होते, पण तेवढ्यावर तिचे काम झाले.

१९१७ साली तिच्या शिवणघरातच शाळा सुरू झाली. पंचवीस मुली आल्या. कालपर्यंत ज्या घरांतून कपड्यांची मापे येत होती, त्याच घरांतून आता पोरी येऊ लागल्या. ज्यांच्या देहासाठी आपण शिवत होतो त्यांच्या मनासाठी आता काही करायला मिळते आहे, याचा आनंद तिने लिहून ठेवला आहे. थोड्याच दिवसांत संख्या चाळिसावर गेली, जागा पुरेना, आणि मोठी जागा घ्यावी लागली. शाळेला पुढे बेस याकोव, म्हणजे याकोबाचे घर, हे नाव रूढ झाले. त्यामागेही कथाच आहे. सीनाय पर्वतावर देवाने मोशेला धर्म सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा याकोबाच्या घराण्याला सांग आणि इस्राएलच्या पुत्रांना सांग, असे दोन वेळा म्हटले. जुने टीकाकार म्हणतात, याकोबाचे घराणे म्हणजे स्त्रिया. म्हणजे धर्म आधी बायकांना सांगितला आणि मग पुरुषांना! हे एवढे नाव घेतले की विरोध करणाऱ्यांचे अर्धे तोंड बंद.

त्यांच्या शिकवण्यात कोरडा उपदेश नव्हता. हिब्रू अक्षरे, प्रार्थनेचा अर्थ, मोशेचे ग्रंथ, सणांच्या कथा हे सारे त्या यिद्दिशमधून समजावून सांगत. मुलींसाठी त्यांनी नाटकेही लिहिली. युदिथवर एक लिहिले, हन्ना आणि तिचे सात पुत्र यांच्यावर एक लिहिले. प्रेक्षक सगळ्या बायकाच असत. ज्या मुली नाटकाच्या ओढीने शहरातल्या रंगभूमीकडे धावत होत्या, त्यांना घरच्या कथेचे नाटक मिळाले. नाटकाची ओढ स्वतः अनुभवली होती, म्हणून हे त्यांना सुचले.

मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. साराबाई आगगाडीने जात, तेथील आयांपुढे बोलत, शाळा उघडून येत. पण शिक्षिका कोठून आणायच्या? आपल्याच पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थिनींना त्या पाठवीत. ज्या वयात आपण मुलीला एकटी बाजारातही धाडत नाही, त्या वयात या पोरी परगावी जाऊन शाळा चालवू लागल्या. लवकरच क्राकोवला शिक्षिका तयार करण्याचे विद्यालय निघाले. प्रथम त्या मुली साराबाईंच्या बिऱ्हाडीच दाटीवाटीने राहत.

एकट्या बाईने हे सगळे पेलणे शक्य नव्हते. अगुदत इस्रायल ही धर्मनिष्ठ यहुद्यांची संघटना १९१९ च्या सुमारास पाठीशी उभी राहिली. पुढे डॉ. लिओ डॉइचलेंडर या विद्वान गृहस्थांनी पैसा, अभ्यासक्रम, परीक्षा यांची घडी बसवली. फ्रँकफर्टहून युदिथ रोझेनबाउम ही तरुण शिक्षिका आली. उन्हाळ्यात क्राकोवच्या दक्षिणेला डोंगरातील खेड्यांत शिक्षिकांचे वर्ग भरत. दिवसभर पाठ, संध्याकाळी गाणी, आणि सगळ्यांच्या बरोबरीने फेर धरून नाचणाऱ्या चाळिशीच्या साराबाई. विद्यालयाच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला १९२७ साली बसली. पाच मजली इमारत १९३१ मध्ये तयार झाली आणि शंभरावर मुली तेथे शिकू लागल्या. १९३३ साली हाफेत्स हाईम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्या काळातील सर्वांत आदरणीय वृद्ध धर्मगुरूंनी पत्र लिहून मुलींच्या या शाळांना पाठिंबा दिला. तीस वर्षांपूर्वी परिषदेत जे नामंजूर झाले होते, ते आता पुण्यकर्म ठरले. त्याच वर्षी साराबाईंचे लेख यिद्दिशमध्ये पुस्तकरूपाने निघाले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. साराबाईंना मुली स्वतंत्र व्हाव्यात, जुने बंधन झुगारावे, असे वाटत नव्हते. मुलींनी जुन्या घरातच राहावे, पण समजून-उमजून राहावे, असा त्यांचा हेतू होता. आपल्यातल्या काही सुशिक्षित भगिनींना हे पटणार नाही. मला स्वतःला वाटते, की ज्या बाईने घराबाहेर पडून मुलींच्या हाती पुस्तक दिले, पोरींना परगावी नोकरीला पाठवले, तिने म्हणायला जुने राखले आणि करायला नवे केले. संघटनेच्या व्यासपीठावर पुरुषच बसत, हेही खरे. त्या मात्र वर्गात रमत.

उतारवयात त्यांनी रब्बी लांडाउ या धर्मनिष्ठ गृहस्थांशी दुसरे लग्न केले. ते सुख फार काळ लाभले नाही. कर्करोग झाला. व्हिएन्नाला शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. शेवटच्या आजारात त्यांनी आपल्या मुलींना उद्देशून निरोपाचे पत्र लिहून ठेवले. पोटची मुलगी एकही नव्हती, पण त्या वेळी पोलंडात दोनशेंहून अधिक शाळा आणि त्यांत पंचवीस हजारांवर मुली होत्या. १ मार्च १९३५ रोजी, शुक्रवारी, त्या गेल्या. वय अवघे एकावन्न. विद्यार्थिनी त्यांना सारा आई म्हणू लागल्या. आदिमाता सारा हिच्यावरून ते नाव.

नंतरची हकीकत लिहिताना हात जड होतो. १९३९ साली जर्मनांनी पोलंड घेतला. शाळा बंद झाल्या. काही शिक्षिकांनी कोंडवाड्यासारख्या यहुदी वस्त्यांतही लपूनछपून वर्ग चालवले. त्या मुलींपैकी आणि शिक्षिकांपैकी बहुतेक मारल्या गेल्या. साराबाईंना ज्या दफनभूमीत पुरले होते, तिच्यावरच १९४२ साली प्लाशोव्हची छळछावणी उभारली गेली आणि थडग्यावरचा दगड नाहीसा झाला. पुढे कित्येक वर्षांनी शिष्यपरंपरेतल्या मंडळींनी त्या माळावर पुन्हा स्मृतिशिला बसवली. क्राकोवच्या स्टॅनिस्लाव्हा रस्त्यावरील विद्यालयाची इमारत मात्र वाचली.

क्राकोवला शिकलेली व्हिख्ना कापलान ही विद्यार्थिनी युद्धापूर्वीच अमेरिकेला गेली होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तिने आपल्या घरातील जेवणाच्या टेबलाभोवती मूठभर मुली बसवल्या आणि शिकवायला आरंभ केला. इस्रायल, इंग्लंड, अमेरिका येथे बेस याकोवच्या शाळा आज चालू आहेत.